खाणकामगाराच्या मुलीची लेखणी

लोरेटा लिन हे नाव आपल्याकडे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ते बहुधा एका सिनेमामुळे ठाऊक आहे. १९८० साली आलेल्या ‘कोल मायनर्स डॉटर’मध्ये सिसी स्पेसेकनं तिची भूमिका केली, गाणी स्वतःच्या आवाजात गायली आणि त्या वर्षीचं उत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर पटकावलं. केंटकीच्या डोंगरातलं लाकडी खोपट, कोळशानं काळवंडलेले वडील, पोरवयात झालेलं लग्न, नवऱ्यानं आणून दिलेली स्वस्तातली गिटार आणि मग नॅशव्हिलचा रंगमंच. गोष्ट सांगायला सोपी, ऐकायला गोड. गरिबीतून वर आलेल्या कलावंतांच्या कहाण्या आपल्यालाही नव्या नाहीत. त्यामुळे सिनेमा पाहून माणूस ‘बिचारी किती सोसून मोठी झाली’ असं म्हणतो आणि उठतो.

घोटाळा होतो तो इथेच. सोसणं पुष्कळांच्या वाट्याला येतं. म्हणून सगळेच काही पन्नास वर्षं टिकणारी गाणी लिहीत नाहीत. लोरेटाच्या घळीत कोळसा उपसणाऱ्यांच्या मुली आणखीही होत्या. त्यांच्यातल्या एकीनंच त्या आयुष्याचं गाणं केलं, आणि तेही असं की त्यातला एक शब्द हलवायला जागा नाही. पुढच्या पानांत भेटणारी लोरेटा लिन ही आधी लेखणीची बाई आहे, मग आवाजाची आणि सर्वांत शेवटी दंतकथेची. हा क्रम उलटला की तिचं मोठेपण हातातून निसटतं. अमेरिकेत तो अनेकदा उलटला आहे, आणि त्याला काही अंशी खुद्द लोरेटाच कारणीभूत आहे.

तिच्याआधी कंट्री संगीतात बायका नव्हत्या असं मुळीच नाही. १९२७ साली टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात राल्फ पीअरनं जी ऐतिहासिक ध्वनिमुद्रणं केली, त्यांत कार्टर कुटुंबातल्या सारा आणि मेबल या दोघी होत्या. मेबल तेव्हा अठरा वर्षांची आणि गरोदर होती. तिची गिटारची शैली पुढे पिढ्यान्‌पिढ्या वादकांनी गिरवली. १९३५ मध्ये पॅट्सी मोंटानानं स्वतः रचलेलं काउबॉयच्या प्रेयसीचं गाणं तुफान खपलं. १९५२ साली किटी वेल्सनं ‘इट वॉझंट गॉड हू मेड हाँकी टाँक एंजल्स’ गाऊन खळबळ उडवली. हँक थॉम्पसनच्या एका लोकप्रिय गाण्यात सगळं खापर दारूच्या गुत्त्यात बसणाऱ्या बाईवर फोडलं होतं. किटीचं गाणं हा त्याला सडेतोड जवाब होता : त्या बाईला तिथवर आणणारे पुरुष कोण? एनबीसी रेडिओनं गाणं बंद केलं, तरी ते सहा आठवडे कंट्रीच्या यादीत अव्वल राहिलं. एकट्या गायिकेला तो मान पहिल्यांदाच मिळाला होता. खुद्द किटी स्टुडिओत गेली होती ती ध्वनिमुद्रणाच्या १२५ डॉलर बिदागीसाठी.

पण तो सडेतोड जवाब लिहिला होता जे. डी. मिलर या पुरुषानं. पॅट्सी क्लाइनची गाजलेली गाणीही पुरुषांचीच : ‘क्रेझी’ विली नेल्सनचं, ‘आय फॉल टू पीसेस’ हँक कॉक्रन आणि हार्लन हॉवर्ड यांचं. सिंडी वॉकरसारखी अव्वल गीतकार नॅशव्हिलला परिचित होती, पण तिची गाणी बहुतेक करून पुरुष गात. गायक-मंडळींच्या ताफ्यात शोभेला एक ‘गर्ल सिंगर’ ठेवायची रीत होती. ती बिचारी विरहाची चार गाणी गाऊन खाली उतरे. संसार केलेली, मुलं वाढवलेली, नवऱ्याशी कडाकडा भांडणारी बाई स्वतःच्या तोंडानं आणि स्वतःच्या शब्दांत बोलते आहे, असं चित्र तिथे जवळपास नव्हतं. लोरेटा लिन आली ती नेमकी या मोकळ्या जागेत.

तिचा जन्म १४ एप्रिल १९३२ चा. पूर्व केंटकीतल्या जॉन्सन काउंटीत व्हॅन लिअर हे कोळसा कंपनीनं वसवलेलं गाव आहे. त्याच्या वर, दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या घळीत बुचर हॉलर. मेल्विन आणि क्लारा वेब यांच्या आठ मुलांतली ही दुसरी. नटी लोरेटा यंगवरून आईनं तिचं नाव ठेवलं. वडील खाणीत रात्रपाळी करायचे आणि दिवसा शेताच्या तुकड्यात मक्याला खुरपायचे. घरात बॅटरीवर चालणारा रेडिओ आला, तेव्हा बॅटरी पुरवून पुरवून वापरायची. शनिवारी रात्री मात्र नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम स्टेशनवरून ‘ग्रँड ओल ओप्री’ ऐकायचंच. लोरेटाचं संगीतशिक्षण म्हणायचं तर ते एवढंच, शिवाय धाकट्या भावंडांना झुलवताना म्हटलेली गाणी. डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या गायली जाणारी जुनी कथागीतं तिच्या कानावर आपसूक पडत होती. एखाद्या प्रसंगाची गोष्ट चार कडव्यांत कशी संपवायची, हे तिला कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही.

१९४७ च्या डिसेंबरात शाळेत एक कार्यक्रम झाला. मुलींनी घरून गोड पदार्थ करून आणायचे आणि मुलग्यांनी लिलावात बोली लावून ते विकत घ्यायचे. लोरेटानं चॉकलेट पाई केली, तीत साखरेऐवजी मीठ पडलं. ती विकत घेतली ऑलिव्हर लिन या लष्करातून नुकत्याच परतलेल्या एकवीस वर्षांच्या गड्यानं. त्याला सगळे डूलिटल म्हणत, आणि पुढे नुसतं डू. महिनाभरात, १० जानेवारी १९४८ ला, दोघांचं लग्न झालं. नवरी पंधरा वर्षांची होती. वर्ष संपायच्या आत दोघं देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टर गावी गेली, आणि तिथं पहिली मुलगी झाली. डू लाकूडतोडीच्या कामावर जाई. लोरेटा एका शेतावर गड्यांचा स्वयंपाक करी, हंगामात स्ट्रॉबेरी तोडायला जाई. विशीच्या आतबाहेर चार मुलं पदरात होती.

१९५३ च्या सुमारास डूनं तिला सिअर्स कंपनीची सतरा डॉलरची हार्मनी गिटार आणून दिली. बायको घरात गाते ते त्याच्या कानावर होतं, आणि ती रेडिओवरच्या बायकांपेक्षा सरस गाते असं त्याचं ठाम मत होतं. शिकवणारं कुणी नव्हतं. घरकाम उरकून ती एकटीच तारा छेडत बसे. चारचौघांत गायची तिला धास्ती. डूनं तिला अक्षरशः ढकलून मंचावर चढवलं. आधी गावच्या सभागृहातला स्थानिक वाद्यवृंद, मग स्वतःचा ताफा, मग टाकोमाला बक ओवेन्सचा टीव्ही कार्यक्रम अशी मजल-दरमजल झाली. तो कार्यक्रम पाहून व्हँकुव्हरचे नॉर्म बर्ली यांनी पैसा घातला आणि झीरो रेकॉर्ड्स या चिमुकल्या कंपनीतर्फे तबकडी काढली. १९६० च्या फेब्रुवारीत हॉलिवूडला ‘आय अॅम अ हाँकी टाँक गर्ल’ ध्वनिमुद्रित झालं. गुत्त्यात बिअरच्या ग्लासपाशी रडत बसलेल्या एका बाईला पाहून लोरेटानं ते लिहिलं होतं.

कंपनीकडे प्रसिद्धीला दमडी नव्हती. मग नवरा-बायकोनंच तबकड्या आणि फोटो रेडिओ स्टेशनांना टपालानं धाडले आणि गाडीत बसून देश पालथा घातला. दिसेल त्या स्टेशनाच्या दारात गाडी लावायची, निवेदकाला गाठायचं, तबकडी लावून घ्यायची आणि पुढचं गाव धरायचं. रात्रीची झोप गाडीतच, जेवण पावात घातलेला मांसाचा तुकडा. उन्हाळ्यात गाणं बिलबोर्डच्या कंट्री यादीत चौदाव्या क्रमांकावर पोचलं आणि ऑक्टोबरात लोरेटा ओप्रीच्या मंचावर उभी राहिली. तिच्या वडिलांनी मात्र यातलं काहीच पाहिलं नाही. खाणीनं छाती खिळखिळी केलेले मेल्विन वेब आदल्या वर्षी, १९५९ मध्ये, बावन्नाव्या वर्षी गेले होते.

नॅशव्हिलमध्ये तिला दोन माणसं भेटली म्हणून पुढचं जमलं. पहिली पॅट्सी क्लाइन. १९६१ च्या जूनमध्ये मोटार अपघातात जबर जखमी होऊन पॅट्सी इस्पितळात पडली होती. लोरेटानं अर्नेस्ट टबच्या मध्यरात्रीच्या रेडिओ कार्यक्रमात तिचं ‘आय फॉल टू पीसेस’ तिलाच अर्पण करून गायलं. पॅट्सीनं ते खाटेवर ऐकलं आणि ही मुलगी कोण म्हणून नवऱ्याला शोधायला पाठवलं. पुढची पावणेदोन वर्षं तिनं लोरेटाला पाठच्या बहिणीसारखं सांभाळलं. मंचावर कपडे कसे घालायचे, पैशाचं बोलणं कसं करायचं, नवऱ्यापुढे किती नमायचं, सगळं शिकवलं. ५ मार्च १९६३ ला विमान कोसळून पॅट्सी गेली. पुढल्या वर्षी लोरेटाला जुळ्या मुली झाल्या, त्यांतल्या एकीचं नाव तिनं पॅट्सी ठेवलं.

दुसरा माणूस म्हणजे डेका कंपनीचा निर्माता ओवेन ब्रॅडली. व्हायोलिनांचा ताफा आणि मागे गुणगुणणारा गायकवृंद घालून कंट्री गाण्याला शहरी तुकतुकी आणणाऱ्यांत त्याचं नाव पुढे होतं. पॅट्सीला ते शोभलंही. लोरेटाच्या बाबतीत मात्र त्यानं हात आवरता घेतला. स्टील गिटार, फिडल, पियानो आणि मध्ये तिचा तो टणक, नाकातून येणारा डोंगरी आवाज. तिचे उच्चार घासूनपुसून घ्यायच्या फंदात तो पडला नाही.

१९६६ पासून पुढची दहा वर्षं हा या पुस्तकाचा गाभा, आणि वाचकानं रेंगाळावं ते तिथेच. ‘यू एन्ट वुमन इनफ’चा जन्म रंगमंचामागे झाला. कार्यक्रमाआधी एक चाहती रडत आत आली. नवरा दुसरीलाच घेऊन कार्यक्रमाला आलाय आणि ती समोरच बसलीय, असं तिनं सांगितलं. लोरेटानं पडदा सारून त्या दुसरीला न्याहाळलं आणि चाहतीला सुनावलं की, अगं, तुझा माणूस हिरावून घेण्याइतकी ती बाई दमदार दिसत नाही. लगेच खोलीत जाऊन तिनं गाणं लिहून काढलं. गंमत आहे ती गाणं कुणाला उद्देशून आहे यात. रडवेल्या बायकोला सहानुभूती दाखवणारं किंवा नवऱ्याच्या विनवण्या करणारं गाणं कुणीही लिहिलं असतं. लोरेटा थेट सवतीच्या डोळ्याला डोळा भिडवते आणि बोलू लागते. नवरा गाण्यात असून नसल्यासारखा.

तिच्या लेखणीचं कसब इथे दिसतं. तिची बहुतेक गाणी म्हणजे कुणाला तरी समोर धरून केलेलं बोलणं आहे. ‘डोन्ट कम होम अ-ड्रिंकिन’ तिनं बहीण पेगी स्यू हिच्याबरोबर लिहिलं. पिऊन घरी येऊन लगट करणाऱ्या नवऱ्याला ते दाराबाहेरच थोपवतं. १९६७ च्या सुरुवातीला ते तिचं पहिलं अव्वल क्रमांकाचं गाणं ठरलं. ‘फिस्ट सिटी’ डूच्या मागे लागलेल्या एका बाईला थेट ठोसे हाणायची धमकी देतं. ‘डिअर अंकल सॅम’ हे सरकारला पत्र आहे : व्हिएतनामला नेलेला माझा माणूस परत द्या. गाणं संपतं तेव्हा हातात तार आलेली असते. ‘रेटेड एक्स’ घटस्फोटितेकडे वाकड्या नजरेनं पाहणाऱ्या पुरुषांचं आणि तिच्याबद्दल कुजबुजणाऱ्या बायकांचं, दोघांचंही माप त्यांच्या पदरात घालतं. ही गाणी अडीच-तीन मिनिटांची. प्रसंग पहिल्या ओळीतच पेटलेला असतो. पार्श्वभूमी सांगत बसायला वेळ नाही. शब्द रोजच्या वापरातले आणि उपमा स्वयंपाकघर-अंगणातल्या. ऐकणाऱ्याला वाटतं, यात लिहिण्यासारखं काय आहे, बाई नुसती बोलतेच तर आहे. तसं वाटावं हीच तिची कमाई.

‘कोल मायनर्स डॉटर’ जरा जवळ घेऊन पाहण्यासारखं आहे. मूळ गाणं दहाएक कडव्यांचं होतं. ब्रॅडलीनं ते लांबलंय म्हणून कात्री लावायला लावली आणि गाळलेल्या कडव्यांची हळहळ लोरेटाला नंतर होती. गाण्याला ध्रुवपद असं नाहीच, कडव्यामागून कडवं येतं. प्रत्येक कडव्यात एक हाताला लागेल अशी वस्तू आहे : धुण्याच्या फळीवर घासून रक्ताळलेली आईची बोटं, रॉकेलच्या दिव्याखाली उघडलेलं बायबल, डुक्कर विकून आलेल्या पैशातून टपालानं मागवलेले हिवाळ्याचे जोडे. ‘गरिबी’ हा विषय कुठेही छाती पिटून येत नाही. बापाची माया आणि बापाची मिळकत ती एकाच दमात सांगते. यमकं तिच्या डोंगरी उच्चारांतच जुळतात. ‘टायर्ड’ हा शब्द ती ‘टार्ड’ म्हणते तेव्हाच तो ‘हार्ड’शी नीट बसतो. शुद्ध इंग्रजीत म्हटलं तर गाणं लंगडतं. शेवटी ती मोठेपणी त्या घरी परत जाते आणि तिथे आता फारसं काही उरलेलं नाही, एवढंच सांगून थांबते. १९७० च्या अखेरीस हे गाणं कंट्री यादीत पहिलं आलं.

त्याच सुमारास, ३० डिसेंबर १९७० ला, केंटकीतल्या हायडनजवळच्या खाणीत स्फोट होऊन ३८ कामगार दगावले. लोरेटानं लुइव्हिलला मोठा मदतीचा कार्यक्रम घेतला, दोस्त गायकांना गोळा केलं आणि जमलेला पैसा मृतांच्या मुलांसाठी दिला. गाण्यातली खाण तिच्यासाठी सजावटीची नव्हती.

‘द पिल’ हे तिचं सर्वांत गाजलेलं वादळ, आणि ते तिनं स्वतः लिहिलेलं नाही. लॉरीन अॅलन, डॉन मॅकहॅन आणि टी. डी. बेलेस यांचं ते गाणं. वर्षाला एक मूल जन्माला घालून थकलेली बायको आता हाती गर्भनिरोधक गोळी आल्यावर नवऱ्याला ठणकावते, कोंबडी, खुराडं आणि अंडी यांच्या भाषेत. अमेरिकेत ही गोळी १९६० साली संमत झाली होती. पण विवाहित जोडप्यांचा ती वापरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं मान्य केला १९६५ साली, आणि अविवाहितांचा १९७२ साली. गाणं ध्वनिमुद्रित झालं १९७२ मध्येच, कंपनीनं ते दाबून ठेवलं आणि १९७५ साली बाहेर काढलं. अनेक कंट्री स्टेशनांनी ते वाजवायला नकार दिला. धर्मोपदेशकांनी व्यासपीठावरून त्याचा उद्धार केला. तरीही कंट्री यादीत ते पाचवं आलं आणि सर्वसाधारण यादीतही सत्तराव्या क्रमांकापर्यंत गेलं. तिथे तिच्या दुसऱ्या कुठल्या एकल गाण्यानं इतकी मजल मारली नाही. सरकारी पत्रकांनी झालं नाही ते या गाण्यानं खेड्यापाड्यात केलं, असं डॉक्टरांनी आपल्याला सांगितल्याचं ती सांगत असे. सहा मुलांची आई गात होती, तेव्हा ‘हिला काय कळतं’ असं म्हणायची सोय कुणालाच नव्हती.

मग लोरेटा लिन स्त्रीवादी होती का? तिनं स्वतः हे बिरूद कधी मिरवलं नाही, उलट झिडकारलं. राजकारणात ती पुष्कळदा रिपब्लिकन उमेदवारांच्या बाजूनं उभी राहिली. डू दारू प्यायचा, बाहेरख्याली होता, हातही उचलायचा. एका फटक्याला आपण दोन दिले, असं ती अभिमानानं सांगायची, आणि १९९६ मध्ये तो जाईपर्यंत अठ्ठेचाळीस वर्षं तिनं त्याच्याबरोबर संसार केला. तिला पुढे आणणारा तोच, तिच्या निम्म्याअधिक गाण्यांतला आरोपीही तोच. हे कोडं सोडवायच्या भानगडीत न पडता ते जसंच्या तसं मांडलं तरच तिचं चरित्र खरं होतं. १९७२ च्या कंट्री म्युझिक असोसिएशन पुरस्कारांच्या वेळी चार्ली प्राइड या कृष्णवर्णीय गायकाला पुरस्कार देताना जरा दूरच राहा, अशी सूचना तिला झाली होती. तिनं भर मंचावर त्याला मिठी मारून मुका घेतला. हेही तिचंच वागणं, आणि त्यालाही तिनं कुठल्या विचारसरणीचं लेबल लावलं नाही.

त्याच रात्री ती त्या असोसिएशनची ‘एन्टरटेनर ऑफ द इयर’ झाली. १९६७ पासून दिला जाणारा हा सर्वोच्च किताब तोवर कुठल्याही स्त्रीला मिळाला नव्हता. कॉन्वे ट्विटीबरोबरच्या तिच्या युगुलगीतांनाही त्या वर्षापासून सलग चार वर्षं पुरस्कार मिळाले. एकूण सोळा गाणी कंट्री यादीत अव्वल ठरली, त्यांतली पाच कॉन्वेबरोबरची.

दंतकथा घडली ती यानंतर. १९७६ साली पत्रकार जॉर्ज व्हेसी याच्या मदतीनं तिनं आत्मचरित्र लिहिलं, ते खपाच्या यादीत झळकलं आणि त्यावरून सिनेमा निघाला. स्पेसेकची निवड लोरेटानं फोटो पाहूनच केली होती. पुस्तकात तिनं लग्नाच्या वेळी आपण चौदाच्याही आतल्या होतो असं सांगितलं, आणि सगळं जग तेच सांगत राहिलं. २०१२ मध्ये असोसिएटेड प्रेसनं केंटकीतला जन्मदाखला काढला, तेव्हा तिचं वय तीन वर्षांनी वाढलं. याला थाप म्हणावं की कथाकाराचं स्वातंत्र्य, हे ज्याचं त्यानं ठरवावं. चरित्रकाराला मात्र यातून एक सावधगिरी शिकावी लागते. लोरेटा स्वतःच्या आयुष्याचीही गीतकारासारखीच काटछाट करते. म्हणून तिच्या आठवणी साक्ष म्हणून जरूर घ्याव्यात, पण दाखला म्हणून घेऊ नयेत.

या झगमगाटात लेखणी मात्र मागे पडली. सुरुवातीच्या काळात तिनं आपल्या गाण्यांचे प्रकाशनहक्क आपले व्यवस्थापक विल्बर्न बंधू यांच्या कंपनीला करारानं लिहून दिले होते. सत्तरच्या दशकात संबंध तुटले, तरी करार मानगुटीवरून उतरला नाही आणि वाद कोर्टात रेंगाळला. नवं लिहिलं तरी त्याचा मोबदला दुसऱ्याच्या खिशात जाणार, तर लिहा कशाला, असं तिला वाटू लागलं. ज्या वर्षांत ती सर्वाधिक प्रसिद्ध होती, त्या वर्षांत ती सर्वांत कमी लिहीत होती. शिवाय वर्षभर बसमधून दौरे, अर्धशिशी, मंचावर आलेली भोवळ, इस्पितळाच्या वाऱ्या. १९८४ मध्ये थोरला मुलगा जॅक बेनी कुटुंबाच्या हरिकेन मिल्स इथल्या शेतावरच्या नदीत बुडून गेला.

बहात्तराव्या वर्षी तिनं पुन्हा लेखणी उचलली, हे कंट्री संगीतातलं नवल म्हणावं लागेल. डेट्रॉइटचा रॉक गायक जॅक व्हाइट तिचा निस्सीम चाहता होता. त्याच्या ताफ्यानं आपला एक अल्बम तिला अर्पण केला होता. दोघांनी मिळून २००४ साली ‘व्हॅन लिअर रोझ’ काढला. त्यातल्या सगळ्याच गाण्यांच्या लेखनात लोरेटाचा हात होता, आणि त्याला दोन ग्रॅमी मिळाली. त्यातलं ‘मिस बीइंग मिसेस’ हे वैधव्याचं गाणं नुसत्या एका गिटारच्या साथीनं गायलेलं आहे. डूशी आयुष्यभर भांडलेली बाई त्याच्या जाण्यानं रिकाम्या झालेल्या घरात बसून काय म्हणते, ते तिथे ऐकावं. २०१३ मध्ये तिला प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं, २०२० मध्ये नॅशव्हिलच्या रायमन सभागृहाबाहेर तिचा पुतळा बसला. २०१७ च्या पक्षाघातानंतर दौरे थांबले, तरी २०२१ मध्ये ‘स्टिल वुमन इनफ’ हा अल्बम आलाच. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी हरिकेन मिल्सच्या घरी, नव्वदाव्या वर्षी, झोपेतच ती गेली.

तिच्या वारशाचा हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. जमेच्या बाजूला धाकटी बहीण क्रिस्टल गेलपासून मिरँडा लँबर्ट, केसी मसग्रेव्ह्‌ज आणि मार्गो प्राइसपर्यंत अनेक जणी आहेत. स्वतःचं लिहून स्वतः गाणारी, नवऱ्याला आणि गावाला खडे बोल सुनावणारी कंट्री गायिका ही आता ओळखीची गोष्ट आहे. दुसऱ्या बाजूला तिच्यानंतर पन्नास वर्षांत ‘एन्टरटेनर ऑफ द इयर’ ठरलेल्या बायका हाताच्या बोटांवर मोजता येतील : डॉली पार्टन, बार्बरा मँड्रेल, रीबा मॅकएन्टायर, शनाया ट्वेन, डिक्सी चिक्स हा तिघींचा ताफा आणि टेलर स्विफ्ट. २०११ मध्ये स्विफ्टला तो दुसऱ्यांदा मिळाला. त्यानंतरची स्त्री म्हणजे लेनी विल्सन, ती थेट २०२३ साली. २०१५ मध्ये एका रेडिओ सल्लागारानं स्टेशनांना सांगितलं होतं की बायकांची गाणी कमी लावा; कंट्री रेडिओच्या सॅलडमध्ये पुरुष हा पाला आहे आणि बायका म्हणजे मधूनमधून टाकायचे टोमॅटो. त्यावर गदारोळ झाला, पण सल्ला देणाऱ्याला तो उघडपणे द्यावासा वाटला, यातच सगळं आलं. लोरेटानं दार उघडलं हे खरं, पण ते सताड उघडं राहिलं असं म्हणता येत नाही.

म्हणून या पुस्तकाकडून वाचकानं दोन गोष्टी मागाव्यात. एक म्हणजे, लोरेटाचं आयुष्य आणि लोरेटानं सांगितलेलं आयुष्य यांतला फरक पुस्तकानं कुठे झाकू नये. दुसरी अधिक महत्त्वाची : तिच्या गाण्यांकडे आत्मकथेचे तुकडे म्हणून न पाहता, घडवलेल्या रचना म्हणून पाहावं. पहिलं कडवं कुठे सुरू होतं, कुणाशी बोलतं, कुठली वस्तू उचलतं आणि केव्हा थांबतं, हे पाहिल्याशिवाय तिची नुसती कहाणी सांगणं म्हणजे तिला परत बुचर हॉलरच्या खोपटात नेऊन बसवणं आहे.

मराठी वाचकाला एकच विनंती. पहिलं प्रकरण उघडण्यापूर्वी तीन गाणी ऐकावीत, आणि ती सिनेमातली नकोत, मूळ लोरेटाच्या आवाजातली हवीत : १९६८ चं ‘फिस्ट सिटी’, १९७० चं ‘कोल मायनर्स डॉटर’ आणि २००४ चं ‘मिस बीइंग मिसेस’. तिन्ही मिळून दहा मिनिटंही लागत नाहीत. केंटकीचे उच्चार पहिल्या खेपेला कळणार नाहीत, तेव्हा शब्द समोर ठेवून पुन्हा एकदा ऐकावीत आणि मग पान उलटावं.